पहारा कुठे बसवायचा : प्रस्तावना

२७ जून २०१७ रोजी न्हावा शेवा बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. वादळ नव्हतं, संप नव्हता, क्रेन धडधाकट उभ्या होत्या. गेटवे टर्मिनल्स इंडिया, बंदरातल्या लोकांच्या तोंडी ‘जीटीआय’, हे मर्स्क समूहातली एपीएम टर्मिनल्स चालवत असलेलं, वर्षाला अठरा लाख टीईयू (वीसफुटी कंटेनर) क्षमतेचं टर्मिनल. त्या दिवशी त्याचे संगणक गेले. कुठला कंटेनर कुणाचा, तो कुठल्या थप्पीत आहे, कुठल्या जहाजावर चढायचा आहे, हे सांगणारी यंत्रणाच उरली नाही. केंद्रीय नौवहन मंत्रालयाला निवेदन काढावं लागलं. रस्त्यावर ट्रेलर तुंबू नयेत म्हणून बंदर प्रशासनाला जादा पार्किंगची व्यवस्था करावी लागली, माल शेजारच्या टर्मिनलांकडे वळवण्याची धावपळ झाली आणि जमेल तेवढं काम हातानं सुरू राहिलं.

न्हावा शेव्याजवळच्या उलव्यात राहणाऱ्याला ही बातमी परक्या मुलखातली नाही. बामणडोंगरी आणि खारकोपर ही इथली दोन स्टेशनं ज्या रेल्वेमार्गावर आहेत, तोच मार्ग पुढे न्हावा शेवा आणि उरणला जातो. इथल्या कितीतरी घरांत पगार येतो तो बंदरातून, सीएफएसमधून (कंटेनर साठवणाऱ्या यार्डातून), एखाद्या सीएचएच्या (कस्टम्स एजंटाच्या) किंवा ट्रान्स्पोर्टरच्या कचेरीतून. जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू सुरू झाला. उलव्याची टेकडी कापून आणि उलवे नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या विमानतळावरून डिसेंबर २०२५पासून विमानं उडू लागली. या सगळ्याचं काम कुणाच्या तरी स्क्रीनवर चालतं. ई-वे बिल, डिलिव्हरी ऑर्डर, गेट पास, बोर्डिंग पास, सगळं नेटवर्कवरून जातं. हे पुस्तक त्या नेटवर्कच्या वेशीवर बसवलेल्या एका पेटीबद्दल आहे. कुणी तिला फायरवॉल म्हणतं, कुणी यूटीएम. तिच्या आत एक अँटिव्हायरस चालू असतो. तो नेमकं काय करतो, काय करू शकत नाही आणि त्याच्यावर किती विसंबावं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

जीटीआयला ज्याचा फटका बसला, तो नॉटपेट्या. तो न्हावा शेव्यावर सोडलेला नव्हताच. युक्रेनमधल्या ‘एम-ई-डॉक’ नावाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये तो घुसवला होता. युक्रेनमध्ये व्यवसाय करणाऱ्या अनेक कंपन्या करभरण्यासाठी हे सॉफ्टवेअर वापरत. अपडेट अधिकृत ठिकाणाहून आलं, म्हणून कुणी अडवलं नाही. आत आल्यावर मात्र त्यानं दोन हत्यारं चालवली. विंडोजमधल्या एका फटीचा उपयोग केला, जी बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टनं १४ मार्च २०१७लाच दिला होता. आणि लागण झालेल्या संगणकाच्या मेमरीत सापडलेले पासवर्ड घेऊन तो पॅच लावलेल्या संगणकांतही शिरला. खंडणीची पाटी नुसती दाखवायला होती. पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. मर्स्कला सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे करावे लागले, नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरच्या घरात गेलं. फेब्रुवारी २०१८मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेनं या हल्ल्याचा ठपका रशियन लष्करावर ठेवला.

या घटनेतली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की हा व्हायरस कंपनीच्या नेटवर्कमध्ये एकदा शिरला, की पुढचा त्याचा सगळा प्रवास आतल्या आत झाला. इंटरनेटच्या तोंडाशी बसलेल्या पेटीला तो दिसण्याचं कारणच नव्हतं, कारण तो पुन्हा तिच्यासमोरून गेलाच नाही. व्हायरसच्या पन्नास वर्षांच्या इतिहासाकडे पाहिलं, की हेच पुन्हा पुन्हा घडलेलं दिसतं. व्हायरस वाट बदलतो, पहारा जुन्या वाटेवर राहतो. मग पहारा नव्या वाटेवर येतो, तोवर वाट पुन्हा बदललेली असते. हे पुस्तक वाचताना प्रत्येक तंत्राला हाच एक प्रश्न विचारावा: याचा पहारा कुठल्या वाटेवर आहे?

पहिली वाट हातातली होती. १९७१मध्ये अमेरिकेच्या अर्पानेटवर ‘क्रीपर’ हा प्रयोग झाला. १९८३मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्यानं स्वतःच्या प्रती काढणारा प्रोग्रॅम वर्गात चालवून दाखवला आणि त्याचे शिक्षक लेनर्ड ॲडलमन यांनी त्याला व्हायरस हे नाव सुचवलं. पण सामान्य माणसाच्या टेबलापर्यंत व्हायरस पोचला तो फ्लॉपीवरून. १९८६चा ‘ब्रेन’ लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि त्यात स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरही घातला. १९९०च्या जूनमध्ये भारतात सापडलेल्या एका व्हायरसचं नाव तर ‘जोशी’. तो फ्लॉपीच्या आणि हार्ड डिस्कच्या बूट सेक्टरमध्ये लपायचा आणि ५ जानेवारीला संगणक चालू केला, की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करायला सांगायचा. टाइप करेपर्यंत संगणक पुढे सरकत नसे. तो कुणी लिहिला, हे कधी उघड झालं नाही. महाराष्ट्रातल्या संगणक वर्गांत तेव्हा बाहेरची फ्लॉपी घालायला सक्त मनाई असे. पहारा संगणकाच्या तोंडाशीच होता, आणि त्या काळापुरता तो बरोबर जागी होता.

याच काळात पुण्यात जे घडलं, ते मराठी वाचकाला ठाऊक असायला हवं. मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करत. दुरुस्तीचं दुकान संगणकांकडे वळलं. धाकटे भाऊ संजय तेव्हा संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणारे बरेच संगणक मोडलेले नसून व्हायरसनं बाधलेले असतात, हे या भावांच्या लक्षात आलं आणि संजय यांनी त्यांच्यावर उतारे लिहायला घेतले. १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘क्विक हील’ उभं राहिलं. २००७मध्ये कंपनीनंही तेच नाव घेतलं, २०१६च्या फेब्रुवारीत ती शेअर बाजारात आली, आणि ‘सिक्राइट’ या नावाखाली तिनं कार्यालयांसाठी नेटवर्कच्या पेट्याही बनवल्या. दुरुस्तीच्या टेबलावरून या विषयात आलेल्या माणसाला व्हायरस कुठून येतो हे गिऱ्हाइकाच्या तोंडून रोज कळत असतं. प्रयोगशाळेत बसून ते कळायला वेळ लागतो. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मी हीच वाट सुचवतो.

मग फ्लॉपी गेली आणि टपाल आलं. मार्च १९९९मध्ये ‘मेलिसा’, ४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’. लोकांनी ओळखीच्या माणसाकडून आलेलं पत्र म्हणून जोडपत्र उघडलं आणि ते पुढे त्यांच्या ओळखीच्यांना गेलं. पहारा मेल सर्व्हरवर हलला. तो स्थिरावतो न स्थिरावतो, तोच किडे आले, म्हणजे माणसानं काही उघडण्याची गरज नसलेले व्हायरस. २००१मध्ये ‘कोड रेड’ आणि ‘निमडा’, आणि २५ जानेवारी २००३ला ‘स्लॅमर’. स्लॅमरकडे जरा थांबून पाहावं. तो अवघ्या ३७६ बाइटचा होता, एका पॅकेटमध्ये मावणारा. तो डिस्कवर फाइल म्हणून कधी उतरलाच नाही, थेट मेमरीत चालला. फाइली तपासणारा अँटिव्हायरस शेजारी बसून होता आणि त्याला तपासायला फाइलच मिळाली नाही. दहा मिनिटांच्या आत जगातले बहुतेक कमकुवत सर्व्हर बाधित झाले होते. त्याचाही पॅच सहा महिने आधी आलेला होता.

यातून नेटवर्कच्या वेशीवरची पेटी आकाराला आली. फायरवॉल त्याआधीही होती. पण ती पॅकेटचा पत्ता आणि पोर्ट पाहायची, आतला माल पाहत नसे. २०००नंतर फोर्टिनेटसारख्या कंपन्यांनी फायरवॉल, अँटिव्हायरस, घुसखोरी ओळखणारी यंत्रणा आणि वेबसाइट गाळणारी चाळणी एकाच पेटीत घातली. २००४मध्ये आयडीसी या संशोधन संस्थेनं अशा पेट्यांना यूटीएम हे नाव दिलं. आपल्याकडे अहमदाबादच्या ‘सायबरोम’नं हे गावोगाव नेलं. महाविद्यालयात शिकलेल्या एका अख्ख्या पिढीला ‘सायबरोम’ म्हणजे वसतिगृहातलं लॉगिनचं पान एवढंच आठवतं. पण त्याच पेटीत अँटिव्हायरसही होता. २०१४मध्ये ती कंपनी ब्रिटनच्या सोफोसनं घेतली.

आता या पेटीच्या आत डोकावू. व्हायरस ओळखण्याचे काही संप्रदाय आहेत. सर्वांत जुना सिग्नेचरचा: सापडलेल्या व्हायरसची खूण नोंदवायची आणि समोर येणारी प्रत्येक फाइल त्या खुणांशी ताडून पाहायची. हा वेगवान आहे, चुका कमी करतो. पण कुणाला तरी आधी लागण झाल्याशिवाय त्याला काही कळत नाही. दुसरा वर्तनाचा: फाइल कोण आहे हे न विचारता ती काय करू पाहते, हे पाहायचं. याचाच पुढचा टप्पा सँडबॉक्स, म्हणजे संशयित फाइल एका बंदिस्त संगणकात चालवून बघणं. तिसरा संप्रदाय उलटा विचार करतो. वाईटाची यादी कधीच संपत नाही, म्हणून चांगल्याची यादी करा आणि बाकी सगळं अडवा. बंदर, कारखाना, एटीएम अशा ठिकाणी, जिथे संगणक वर्षानुवर्षं तेच काम करतो, तिथे मला हाच सर्वांत योग्य वाटतो, आणि आपल्याकडे तोच सर्वांत कमी वापरला जातो. कोहेन यांनी १९८०च्या दशकातच गणितानं दाखवून दिलं, की प्रत्येक व्हायरस बिनचूक ओळखणारा प्रोग्रॅम लिहिणं शक्य नाही. ‘शंभर टक्के संरक्षण’ असं जाहिरातपत्रकात छापणाऱ्या विक्रेत्याला हे जरूर ऐकवावं.

पेटीपुढे संगणकापेक्षा एक वेगळी अडचण असते. संगणकावर फाइल पूर्ण हातात असते. पेटीसमोरून ती तुकड्यातुकड्यांनी वाहत जाते. मग दोन मार्ग उरतात. एक प्रॉक्सीचा: सगळे तुकडे गोळा करायचे, फाइल जुळवायची, तपासायची आणि मग पुढे सोडायची. हा नीट तपासतो, पण वापरणारा माणूस स्क्रीनकडे बघत बसतो. दुसरा प्रवाहाचा: तुकडे जाता जाता तपासायचे, शेवटचा तुकडा धरून ठेवायचा आणि खूण जुळली तर जोडणी तोडायची. हा वेगवान आहे, पण गुंतागुंतीच्या फाइलींत कमी पडू शकतो. दोन्हींत मर्यादा घातलेल्या असतात. किती मोठी फाइल तपासायची, झिपच्या आत झिप किती थरांपर्यंत उघडायची, पासवर्ड घातलेल्या झिपचं काय करायचं. काही पेट्यांत आकाराची मर्यादा मुळातच दहा एमबीवर ठेवलेली येते आणि त्यापुढची फाइल न तपासता जाऊ दिली जाते. हे विकत घेणाऱ्याला सहसा कुणी सांगत नाही.

याहून मोठी गोष्ट एन्क्रिप्शनची. न्हावा शेव्याला येणारा कंटेनर सीलबंद असतो. कस्टम्स प्रत्येक कंटेनर उघडत नाही. कागदपत्रं, पाठवणारा, मूळ देश यांवरून धोका ठरवून काही निवडतं, त्यांतले काही स्कॅनरखाली नेतं आणि अगदी थोडेच उघडतं. आजची बहुतेक वेब वाहतूक अशीच सीलबंद असते. पेटीला पाठवणारा आणि घेणारा दिसतो, आतला माल दिसत नाही. तो पाहायचा, तर सील तोडून, तपासून, पेटीनं स्वतःचं सील लावावं लागतं. म्हणजे पेटीचं प्रमाणपत्र कचेरीतल्या प्रत्येक संगणकात बसवावं लागतं. बँकांच्या आणि आरोग्याच्या साइट त्यातून वगळाव्या लागतात, काही ॲप्स तरीही चालत नाहीत, आणि पेटीचा वेग दाणकन खाली येतो. म्हणून ठिकठिकाणी ही तपासणी बंदच ठेवलेली असते आणि डॅशबोर्डवर मात्र अँटिव्हायरसपुढे हिरवी खूण दिसत राहते.

हे स्वतः करून पाहण्याची एक सोपी रीत आहे. आयकार नावाच्या संस्थेनं चाचणीसाठी ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ ठरवून दिली आहे. जवळपास सगळे अँटिव्हायरस तिला व्हायरस समजून पकडतात. ती ओळ एका फाइलीत घालून आपल्याच चाचणी सर्व्हरवर ठेवा. चाचणीच्या संगणकावरचा स्वतःचा अँटिव्हायरस तेवढ्यापुरता थांबवा, नाहीतर कोणी पकडलं हेच कळणार नाही. साध्या एचटीटीपीवरून फाइल मागवा: पेटी अडवते, लाल पान येतं, लॉगमध्ये नोंद पडते. तीच फाइल एचटीटीपीएसवरून मागवा. तपासणी बंद असेल, तर फाइल निमूट डाउनलोड होते आणि लॉगमध्ये काहीच नसतं. मग ती झिप करा, झिपची झिप करा, पासवर्ड घाला. कितव्या थराला पेटी हात टेकते, हे तासाभरात कळतं. लाखभर रुपये मोजून घेतलेल्या पेटीवर ही चाचणी एकदाही न झालेली कचेरी मी वरचेवर पाहतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ही चाचणी फुकट आहे.

या क्षेत्रात गेली वीस वर्षं एक मोठा वाद चालू आहे, वेस हवी की नको. २००४मध्ये जेरिको फोरम या सुरक्षातज्ज्ञांच्या गटानं वेशीवर भरवसा ठेवण्याचे दिवस संपले असं म्हटलं. २०१०मध्ये फॉरेस्टर या संशोधन संस्थेचे जॉन किंडरवाग यांनी ‘झीरो ट्रस्ट’ची मांडणी केली: आतला म्हणून कुणावर विश्वास नको, प्रत्येक जोडणी तपासा. नॉटपेट्यानं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. पण म्हणून पेटी टाकून द्यावी, असं मला वाटत नाही. पाच-दहा जणांच्या कचेरीत प्रत्येक संगणक, प्रिंटर, सीसीटीव्ही आणि हजेरीचं यंत्र वेगवेगळं सांभाळणारा माणूस नसतो. तिथे एक पेटी बरंच काम करते. फक्त तिला एकाच दाराशी उभं न ठेवता आतही वापरावं. अकाउंट्सचे संगणक एका विभागात, पाहुण्यांचं वायफाय दुसऱ्यात, कॅमेरे तिसऱ्यात, आणि या विभागांतली ये-जा पेटीतूनच. बहुतेक पेट्यांत ही सोय असते. ती वापरायला नवा खर्च नाही, एक दुपार लागते.

पहारेकऱ्याचीही तपासणी लागते. अँटिव्हायरस हा शेकडो प्रकारच्या फाइली उघडून बघणारा प्रोग्रॅम आहे आणि त्या उघडण्यातच चूक असली, तर तोच दरवाजा होतो. पेटीचे बाकीचे भागही याला अपवाद नाहीत: एप्रिल २०२०मध्ये सोफोसच्या आणि एप्रिल २०२४मध्ये पालो आल्टोच्या फायरवॉलमधल्या फटींवर थेट हल्ले झाले. चुकीचं अपडेटही व्हायरसइतकंच महागात पडू शकतं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास आले. आणि सर्वांत साधी गोष्ट: पेटीचं वार्षिक लायसन्स संपलं, तरी इंटरनेट बहुधा चालूच राहतं. फक्त नव्या सिग्नेचर येणं थांबतं. बाहेरून काहीच फरक दिसत नाही.

हे सगळं आत्ता का सांगायचं? ११ ऑगस्ट २०१८ला पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत घुसलेल्या मालवेअरनं बनावट मंजुऱ्या दिल्या. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, १३ ऑगस्टला स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यावरून हाँगकाँगला रक्कम गेली, एकूण ९४ कोटींहून अधिक. कॉसमॉस ही १९०६ सालची, मोठी बँक. पण ३१ जुलै २०२४ला सी-एज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेत रॅन्समवेअरची घटना घडली, तेव्हा खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यापासून तोडावं लागलं आणि देशभरातल्या सुमारे तीनशे लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार अडले. तालुक्याच्या गावी पैसे पाठवणाऱ्या माणसाला रॅन्समवेअर हा शब्दही माहीत नसेल. त्याचं यूपीआय मात्र थांबलं. महाराष्ट्रात सहकारी बँकांचं, पतसंस्थांचं, सोसायट्यांचं जेवढं दाट जाळं आहे, तेवढा हा प्रश्न आपला आहे.

कायद्याचंही ओझं आता लहानांवर आलं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस जपायचे असतात. बऱ्याच लहान पेट्यांत डिस्कच नसते; लॉग काही दिवसांत, कधी वीज जाताच पुसले जातात. म्हणजे वेगळा लॉग सर्व्हर लागतो. हे खर्चाचं काम नाही, एखादा जुना संगणकही चालतो. लागण झाल्याचा संशय आला, तर फेब्रुवारी २०१७मध्ये सुरू झालेल्या सरकारी सायबर स्वच्छता केंद्राची साधनं मोफत आहेत, आणि पैसे गेले असतील तर तक्रारीसाठी १९३० हा मदत क्रमांक आहे.

मराठीत संगणकावर पुस्तकं आहेत, पण ती बहुतेक ऑफिस, टॅली आणि टायपिंगपाशी थांबतात. नेटवर्क सांभाळणारा माणूस इंग्रजी मॅन्युअल आणि विक्रेत्याचा फोन यांवर विसंबून राहतो. हे पुस्तक त्याच्यासाठी आहे: सीएचएच्या कचेरीत हिशेबाबरोबर ‘कॉम्प्युटरचंही बघणारा’ मुलगा, शाळेच्या प्रयोगशाळेची जबाबदारी अंगावर आलेल्या बाई, पतसंस्थेचे सचिव. कुठल्या कंपनीची पेटी घ्यावी, हे इथे सांगितलेलं नाही. कुठलीही पेटी समोर आली, तर तिला कोणते प्रश्न विचारायचे, हे शिकवण्याचा प्रयत्न आहे. माहितीपत्रकावरचा वेगाचा सर्वांत मोठा आकडा अँटिव्हायरस बंद असतानाचा असतो. तपासणी चालू असतानाचा आकडा मागून घ्या, ही त्यातली पहिली शिकवण. प्रयोग विनामूल्य सॉफ्टवेअरवर, मुख्यतः २००२पासून चालत आलेल्या क्लॅमएव्हीवर रचले आहेत. दोन नेटवर्क कार्ड असलेला जुना संगणक असला, की ते घरी करता येतात.

मोबाइलवरची फसवणूक, ओटीपी मागणारे फोन, ‘डिजिटल अरेस्ट’ हे विषय मुद्दाम बाहेर ठेवले आहेत. ते कमी गंभीर नाहीत. पण ते कचेरीच्या पेटीतून जात नाहीत, आणि त्यांना वेगळं पुस्तक लागेल. सीसीटीव्ही आणि राउटर यांच्यातल्या व्हायरसना मात्र जागा दिली आहे, कारण आमच्या भागातल्या नव्या इमारतींत सोसायटी स्थापन होण्याआधी कॅमेरे लागतात आणि त्यांचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच राहतो. वाचकानं पुस्तक कुठूनही वाचायला सुरुवात करावी. फक्त चाचणीचं प्रकरण वाचण्यापूर्वी आपल्या कचेरीतल्या पेटीचा पासवर्ड कुणाकडे आहे, तेवढं विचारून ठेवावं. तो बसवून गेलेल्या माणसाकडेच राहिला असेल, तर पहिलं काम तो मागून घेण्याचं.